आधी मोजायला शिकवू या

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात गावोगावी करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. वैद्यकीय क्षेत्रावर बोलायला बहुधा एखाद्या क्लासचे संचालक येतात, पडद्यावर नीटचे गुण आणि कॉलेजांचे कटऑफ दाखवतात आणि तासाभरात मुलांच्या, त्याहून जास्त पालकांच्या मनावर एक उतरंड ठसवून जातात. सर्वांत वर एमबीबीएस, ते हुकले तर बीडीएस किंवा बीएएमएस, तेही हुकले तर ‘बाकीचे कोर्स’. हे बाकीचे कोणते, तिथली माणसे दिवसभर काय करतात, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

नीटला दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण सतरा-अठरा मुलांमागे एक जागा. उरलेल्यांना आपण ऐन अठराव्या वर्षी हरल्याची भावना देऊन घरी पाठवतो. त्यातल्या कितीतरी जणांची आरोग्यसेवेला नितांत गरज आहे. हे नुकसान मुलांचे आहेच, पण त्याहून मोठे रुग्णांचे आहे.

शाळेत आरोग्यक्षेत्राची ओळख करून द्यायची तर ती पदव्यांच्या नावांपासून सुरू करू नये. आठवी-नववीच्या मुलांना नाडी मोजू द्यावी, श्वास मोजू द्यावा, औषधाचे प्रमाण काढू द्यावे, जे दिसले ते जसेच्या तसे लिहू द्यावे. या कामात आपले मन रमते का, हे मुलाला तिथेच कळते. पदवीचे नाव नंतर आपोआप सापडते.

शाळेच्या वयात आरोग्याची कौशल्ये शिकवणे म्हणजे पोरखेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. ती देणाऱ्या आरोग्यदूत म्हणजे त्याच गावातल्या, पाच ते दहा वर्षे शाळा शिकलेल्या बायका. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, आईला अंगावर पाजायला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर ठरवून दिलेले औषध आणि इंजेक्शन देणे, आणि हे सगळे कागदावर नोंदवणे ही त्यांची कामे. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालमृत्यूंचे प्रमाण, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशाताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. या बालसेवेच्याही आधी याच संस्थेने, ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे श्वासमापक तयार केले होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, वर्षाच्या आतल्या बाळाचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० भरले तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. शाळेची पायरी न चढलेली दाई हे करू शकते, तर नववीतला मुलगा का नाही करणार?

नाडीचा तास घेऊन पाहा. आधी नुसता गलका होतो, कारण निम्म्या मुलांना नाडी सापडतच नाही. मनगटाच्या आत, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटे हलकेच ठेवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याला स्वतःचे ठोके असतात आणि आपण आपलीच नाडी मोजून मोकळे होतो. नाडी सापडली की मुले एकदम गप्प होतात. मग पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला सांगायचे, त्याच मुलाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायला सांगायची आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे. ते जुळत नाहीत. का जुळत नाहीत, यावर चर्चा होऊ द्यायची. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटाच्या हिशेबात चार ठोक्यांची चूक होते, हे मुले स्वतः शोधून काढतात. आजारी माणसाची नाडी अनियमित असेल तर पूर्ण मिनिट का द्यावे लागते, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. आणि फळ्यावर ‘सापडली नाही’ असाही एक रकाना ठेवायचा. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेजाऱ्याचा आकडा पाहून ७२ लिहून टाकण्यापेक्षा ‘सापडली नाही’ लिहिणारे मूल आरोग्यसेवेच्या कामाचे आहे, हे वर्गासमोर मोठ्याने सांगायचे.

हा प्रामाणिकपणा हवेतला नाही, तो मोजता येतो. हाताने फुगवायच्या बीपीच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या रेघा असतात. म्हणजे नीट मोजलेल्या आकड्यांच्या शेवटी ०, २, ४, ६, ८ हे साधारण सारख्या वाटणीने यायला हवेत. एखाद्या नोंदवहीत पानभर १२०/८०, १३०/९०, ११०/७० अशीच ओळ दिसली तर मोजणाऱ्याने आकडे गोळाबेरीज करून लिहिलेत, किंवा मोजलेच नाहीत. नववीच्या सांख्यिकीत वारंवारता सारणी येतेच. ती काल्पनिक गुणांची काढण्यापेक्षा मुलांनी स्वतः घेतलेल्या शंभर नोंदींची काढावी. माणूस धावतपळत येऊन बसला असेल, पाय लोंबकळत असतील, कफ शर्टाच्या बाहीवरून बांधला असेल किंवा मोजताना तो बोलत असेल तर बीपी खोटेच वाढून दिसते. म्हणून पाच मिनिटे शांत बसवायचे, पाय जमिनीला टेकवायचे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायचा. एवढे काटेकोरपणे केले नाही म्हणून कुणाला उगाच जन्मभराच्या गोळ्या लागू शकतात. चौदा वर्षांच्या मुलाला हे पुरते समजते.

गणिताचा असाच जीवघेणा भाग म्हणजे प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएसच्या एका पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि त्याशिवाय दोन क्षार असतात, आणि ते एक लिटर पाण्यासाठी असतात. घाईत तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात ओतली तर द्रावण पाचपट तीव्र होते आणि आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. म्हणून मुलांना घरचा पेला, घरचा तांब्या मोजून आणायला सांगावा. एक लिटर म्हणजे आपल्या घरातले नेमके कोणते भांडे, हे ज्याला ठाऊक आहे तो संकटात उपयोगी पडतो. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याने थैमान घातले आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे द्रावण पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. जिथे तीस टक्क्यांच्या आसपास माणसे दगावत होती तिथे ते प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. पाजणारे हात आई-बापांचे आणि भावंडांचे होते.

हृदय बंद पडल्यावर द्यायच्या छातीदाबाचेही (सीपीआर) तसेच. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शाळेत शिकवावे, या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिला. आपल्याकडे अजून शाळाशाळांत त्याचा पत्ता नाही.

शाळेत आरोग्याची कौशल्ये शिकवण्याचा एक चांगला नमुना मात्र आपल्या मातीत आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांमध्ये गेला, त्यात वेल्डिंग, शेती, विजेची कामे यांच्या जोडीला गृह-आरोग्य हा स्वतंत्र विभाग आहे. आठवी ते दहावीची मुले त्यात रक्तगट तपासायला, हिमोग्लोबिन काढायला शिकतात. हाताने काम करता करता बुद्धी वाढते, हा कलबागांचा ठाम विश्वास होता. समग्र शिक्षा योजनेखाली काही शाळांत नववीपासून आरोग्यसेवा हा व्यवसाय विषय म्हणून घेता येतो, तीही सोय चांगली आहे. पण तो विषय अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी, असा समज शिक्षकांच्याच बोलण्यातून पसरतो. तो आधी मोडायला हवा.

हिमोग्लोबिनवरून एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. देशात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळले. वर्गात तपासणी झाली की निम्म्याहून जास्त मुलींचा आकडा १२ च्या खाली येणार, हे गृहीत धरावे. तो आकडा मोठ्याने वाचला, फळ्यावर नावानिशी लिहिला, वजनाच्या काट्यापाशी कुणी हसले, तर त्या मुली पुन्हा तपासणीला येणार नाहीत. म्हणून पहिल्याच तासाला नियम सांगावा: विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आकडा ज्याचा त्यालाच सांगायचा, फळ्यावर येईल ती संख्या येईल, नाव येणार नाही. आणि आपण मोजतो, निदान करत नाही. शंका आली तर सिस्टरला किंवा डॉक्टरला सांगतो. दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवणे पुढे कॉलेजात पाठ करून येत नाही. ती सवय याच वयात लागते.

बोलण्याचेही तसेच आहे. ‘दिवसातून दोनदा, उपाशीपोटी’ एवढे सांगून चिठ्ठी हातात दिली की आपले काम झाले असे वाटते, पण पहाटे चहा पिऊन शेतावर जाणाऱ्या बाईच्या हिशेबात उपाशीपोटी म्हणजे नेमके कधी? तिला म्हणावे, ‘मावशी, कशी घेणार तेवढं मला एकदा सांगा बघू.’ ती सांगते तेव्हा आपल्या सांगण्यातली चूक आपल्याला कळते. मराठीच्या तासाला जाहिरात लेखन आणि पत्रलेखन शिकवतात, तसा एखादा औषधाचा कागद साध्या भाषेत समजावून सांगण्याचा स्वाध्याय द्यायला काय हरकत आहे? मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल वर्गात असेल, तर त्याची भाषा हीच त्याची मोठी पात्रता आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलेले नसते.

एवढे झाले की मग व्यवसायांची नावे सांगावीत. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत. नर्सिंग आणि फार्मसी त्यात नाहीत, त्यांचे कायदे वेगळे. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, डायलिसिस आणि ऑपरेशन थिएटरचे तंत्रज्ञ, एक्स-रे व एमआरआय काढणारे, प्रयोगशाळेतले, आहारतज्ज्ञ, मानसिक आरोग्याचे समुपदेशक, रुग्णांच्या नोंदींची व्यवस्था पाहणारे, अशी ही यादी आहे. ज्याला माणसांशी बोलायला आवडते आणि ज्याला यंत्रापाशी एकट्याने नेमके काम करायला आवडते, दोघांनाही इथे जागा आहे.

ही ओळख दहावीच्या आधी व्हायला हवी, याचे कारण अगदी व्यवहारी आहे. अकरावीला जीवशास्त्र सोडले की यातले बहुतेक दरवाजे पंधराव्या वर्षी बंद होतात, आणि मुलाला ते कळते बारावीनंतर. दुसरे कारण फसवणुकीचे. बारावीनंतर तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’ चालवणारे, नोकरीची हमी देऊन हजारो रुपये घेणारे लोक आहेत. संस्थेला मान्यता कुणाची, त्या पदविकेवर आपली नोंदणी कोणत्या परिषदेत होणार आणि प्रत्यक्ष शिकण्यासाठी रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न लेखी विचारायची सवय मुलांना शाळेतच लावली पाहिजे.

मुलांना खरेही सांगावे. या कामात रात्रपाळी आहे, वास आहे, रक्त आहे, मरण आहे. सरकारी नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात, आणि आशाताईंना आजही मोबदल्यासाठी आंदोलने करावी लागतात. हे लपवून मुलांना ओढू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, लॅबवाले दादा, १०८ च्या गाडीवरचे चालक यांच्याशी मुलांना तासभर बोलू द्यावे. ज्याला हे सगळे ऐकूनही तिथे थांबावेसे वाटेल, तो टिकेल.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल. मुख्याध्यापकांनी आठवड्याचा एक जोडतास यासाठी राखावा, बीपीची दोन यंत्रे, थर्मामीटर, वजनकाटा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्यावे आणि जवळच्या आरोग्य केंद्राला पत्र लिहून एका सिस्टरला पहिल्या तासाला बोलवावे. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला यापेक्षा जास्त खर्च येतो. आणि वाचकांपैकी जे डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, फार्मासिस्ट आहेत त्यांनी निमंत्रणाची वाट पाहू नये, ज्या शाळेत शिकलात तिथे स्वतःहून जावे.