मागे उरलेल्यांचे ऋण

जीवघेण्या दुखण्यातून माणूस उठला की ‘आयुष्याची दोरी बळकट’, ‘वाडवडिलांची पुण्याई’ अशी उत्तरे मराठी घरांत सहज दिली जातात. परंतु त्याच दुखण्यात त्याच घरातले दुसरे कोणी गेले असेल, तर ही उत्तरे गेलेल्यावर नकळत ठपका ठेवतात, कारण वाचणे हे पुण्याईचे फळ मानले की न वाचणे हा तिचा तुटवडा ठरतो. कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचे फळ भोगावेच लागते हा सिद्धान्त, दुःखिताला धीर देण्यापुरता वापरला जातो तोवर समजण्यासारखा आहे. त्याने निवाडा करू लागले की तो क्रूर होतो. हे क्रौर्य सर्वाधिक सोसले ते विधवांनी. पुरुष वाचला तर पुण्याई, आणि नवऱ्यामागे उरलेली बाई मात्र ‘पांढऱ्या पायाची’, ‘नवऱ्याला खाल्लेली’.

या निवाड्याला पुण्यात कृतीने उत्तर मिळाले ते आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगण्याच्या माळावर. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तली. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आणि शहरात प्लेगचे थैमान चालू असताना १९०० मध्ये तो हिंगण्याच्या झोपडीत हलवला. मागे उरणे हाच जिचा अपराध ठरवला गेला होता, तिच्यासाठी तेथे निवारा, अन्न आणि शिक्षण होते.

हे परंपरेबाहेरचे होते काय? श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांना पिंड मिळतो. त्यापलीकडचे पूर्वज ‘लेपभाज’, म्हणजे पिंड ठेवल्यावर कर्त्याच्या तळहाताला चिकटलेली जी भाताची शिते तो दर्भांच्या मुळाशी पुसतो, तेवढ्याचे धनी. कुटुंबाची स्मृती किती आखूड असते, हे धर्मशास्त्राने इतक्या स्पष्टपणे मान्य केले आहे. म्हणूनच तर्पणात निराधार मृतांसाठीही पाणी सोडले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, देव, ऋषी आणि पितर यांच्या तीन ऋणांना शतपथ ब्राह्मण चौथे जोडते, ते मनुष्यऋण, आणि ते फिटते माणसांना आसरा व अन्न दिल्याने. कर्व्यांनी आपले काम या परिभाषेत मांडले असे नव्हे; पण ते या ऋणाच्या व्याख्येत जसे तंतोतंत बसते, तशी फार थोडी धर्मकृत्ये बसतात.

दुखण्यातून उठलेला माणूस ‘मीच का वाचलो’ असे स्वतःला विचारत राहतो, आणि पूर्वजन्मात त्याचे उत्तर शोधणाऱ्याला मृतांवर अन्याय केल्यावाचून ते सापडत नाही. त्याने पितृपक्षात घरच्या माणसांची नावे अवश्य घ्यावीत. परंतु त्याच रोगाने ज्या घराचा कर्ता नेला, त्या घरातल्या औषधपाण्याची आणि मुलांच्या फीची सोय पाहणे, हेही त्याने पितृकार्यातच धरावे.