नाव कोणाच्या मालकीचे?



कोल्हापूरचे खासबाग मैदान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शिराळा भाग कुस्तीशौकिनांचा. इथल्या माणसाला खासबाग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहून त्यांच्या मनात या मैदानाची कल्पना आली, असे सांगतात. १९०७ मध्ये काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये मैदान उभे राहिले. मध्यभागी खोलगट आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या गरीब माणसालाही लाल मातीतला डाव दिसावा, ही त्यामागची दृष्टी.

आता आपण एक कल्पना करू. समजा, उद्या एखादी श्रीमंत कंपनी आली आणि म्हणाली, "मैदानाची सगळी डागडुजी आम्ही करतो. तालमीतल्या पोरांच्या खुराकाचा खर्च उचलतो. वर काही कोटी रुपये देतो. बदल्यात वीस वर्षे या मैदानाला आमच्या कंपनीचे नाव असू द्या." आपण काय उत्तर द्याल?

हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. पुण्याजवळ गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने कर्ज काढून मोठे मैदान बांधले. त्याच्या नावाचे हक्क सहारा समूहाने सुमारे २०८ कोटी रुपयांना घेतले. एप्रिल २०१२ मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा मैदानाचे नाव 'सुब्रत रॉय सहारा स्टेडियम' असे होते. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून वाद झाला आणि २०१३ मध्ये संघटनेने ते नाव उतरवले. मुंबईच्या भुयारी मेट्रोतही हाच व्यवहार झाला. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या वरळीच्या 'आचार्य अत्रे चौक' स्थानकाच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचे नाव लागले आणि सिद्धिविनायकाच्या आधी एका विमा कंपनीचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी आपली लेखणी आणि वाणी झिजवणाऱ्या अत्र्यांच्या नावाआधी गुंतवणुकीची जाहिरात वाचताना अनेक मराठी माणसांना वाईट वाटले.

यावर व्यवहारी माणूस म्हणतो, "फादर, नावात काय आहे? पैसा येतो, काम होते, लोकांची सोय होते. पाटीवर काय लिहिले आहे याने काय बिघडते?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. नावात काहीच नसेल, तर कंपनी त्यासाठी कोट्यवधी रुपये का मोजते? व्यापारी माणूस रिकाम्या वस्तूला किंमत देत नाही. म्हणजे नावात नक्कीच काहीतरी आहे. ते काय आहे आणि कोणाचे आहे, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

गहुंजेचे मैदान नवे होते. तिथे कोणाच्या आठवणी नव्हत्या. कंपनीने घेतली ती एक कोरी जागा. त्यामुळे नाव लागले तेव्हा कोणी रडले नाही आणि उतरले तेव्हाही कोणाला चुटपुट लागली नाही. लोक आधीही 'गहुंजे' म्हणत होते, आजही म्हणतात. जुन्या मैदानाची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल या शहरात 'सेंट जेम्सेस पार्क' नावाचे फुटबॉलचे मैदान आहे. तिथे शंभराहून अधिक वर्षे खेळ चालू आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये क्लबच्या मालकाने ते नाव बाजूला सारून स्वतःच्याच खेळसाहित्याच्या दुकानांचे नाव मैदानाला दिले. शहर संतापले. बाप आणि मुलगा ज्या नावाने एकत्र जात होते, ते नाव एका पत्रकाने पुसले गेले होते. पुढच्याच वर्षी कर्ज देणारी एक कंपनी क्लबची नवी प्रायोजक झाली. तिने नावाचे हक्क घेतले आणि जुने नावच परत लावले. लोकांच्या मनात जागा मिळवायची तर त्यांचे नाव त्यांना परत द्यावे, हा हिशेब त्या कंपनीलाही कळला.

या दोन उदाहरणांतला फरक पाहा. नव्या मैदानावर कंपनी फक्त पाटी विकत घेते. जुन्या मैदानावर ती लोकांचा जिव्हाळा विकत घेते. हा जिव्हाळा कोणी निर्माण केला? ज्यांनी भाकरी बांधून आणून तिथे दिवस काढला, ज्यांनी हरलेल्या पैलवानालाही पाठीवर थाप दिली, ज्यांनी घरी येऊन नातवंडांना त्या लढती सांगितल्या, त्यांनी. समितीच्या कपाटात जागेचे कागद असतात, तिजोरीची किल्ली असते. हा जिव्हाळा त्या कपाटात नसतो. मग समिती तो विकते कशी?

आपल्या पवित्र शास्त्रात, प्रेषितांच्या कृत्यांत, शिमोन नावाच्या जादूगाराची हकीकत आहे. त्याने पवित्र आत्म्याचे दान पैसे देऊन मिळवायचा प्रयत्न केला आणि पेत्राने त्याला खडसावले. पवित्र गोष्टींच्या विक्रीच्या पापाला पुढे त्याच्याच नावावरून नाव पडले. संत थॉमस अक्विनास यांनी या पापाची मीमांसा करताना एक साधे कारण दिले आहे. विकणारा हा त्या दानाचा मालक नसतो, तो केवळ कारभारी असतो आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. कुस्तीचे मैदान म्हणजे काही संस्कार नव्हे, हे मला मान्य आहे. पण अक्विनास यांचे कारण इथेही लागू पडते. जुन्या नावाचा पदाधिकारी हा कारभारी आहे. मागच्या पिढ्यांनी त्याच्याकडे ते सोपवले आणि पुढच्या पिढ्यांना त्याने ते द्यायचे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. जुनी नावे तरी कुठे निर्मळ आहेत? मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ मध्ये उभे राहिले. जागेसाठी क्रिकेटचे संघटक अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना विचारले, "सरकारला पैसा हवा की आपल्याला अमरत्व?" अशी आख्यायिका आहे. जागा मिळाली आणि मैदानाला गव्हर्नरचे नाव लागले. पुढे तिकिटांच्या वाटपावरून भांडण झाले म्हणून जवळच दुसरे मैदान बांधले गेले. तिथे १९७५ च्या जानेवारीत पहिला कसोटी सामना झाला आणि त्याला नाव मिळाले ते बांधकामाचा पुढाकार घेणाऱ्या शेषराव वानखेडे यांचे. ते त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते. मग सत्तेला दिलेले नाव पवित्र आणि पैशाला दिलेले अपवित्र, असे कसे?

आक्षेपात तथ्य आहे. सत्तेपुढे वाकून दिलेले नावही विकलेलेच असते, फक्त पावती फाडलेली नसते. तरीही एक भेद उरतो. वानखेडे यांनी ते मैदान उभे केले आणि नाव त्या कामाशी जोडले गेले. ॲरिस्टॉटल म्हणतो की सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हाती असतो. म्हणजे सन्मान मागून किंवा मोजून घेतला की तो सन्मान राहत नाही, जाहिरात होते. जाहिरात वाईट नाही. पण तिला सन्मानाची वस्त्रे घालून मिरवणे म्हणजे लोकांशी खोटे बोलणे आहे.

या खोटेपणाची किंमत कधीतरी चुकवावी लागते. अमेरिकेत ह्यूस्टन शहराच्या बेसबॉल क्लबने आपल्या नव्या मैदानाचे नाव एन्रॉन कंपनीला दिले होते. करार तीस वर्षांचा, रक्कम दहा कोटी डॉलर. मैदान २००० मध्ये सुरू झाले आणि २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, अनेकांची म्हातारपणाची पुंजी गेली. आपल्या दाभोळ प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्रालाही चांगलेच ठाऊक आहे. त्या मैदानावर रोज हे नाव झळकत राहावे, हे क्लबला सोसवेना. शेवटी २००२ मध्ये स्वतःच्या मैदानाचे नाव सोडवून घेण्यासाठी क्लबनेच कंपनीला २१ लाख डॉलर दिले. नंतर तिथे फळांच्या रसाचे नाव आले आणि २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांच्या कंपनीचे. कंपन्या येतात आणि जातात. त्यांच्याबरोबर मैदानाचे नावही येत-जात राहिले, तर आजोबा आणि नातू एकाच जागेला दोन नावांनी ओळखतील आणि त्यांच्या गप्पांतला एक धागा तुटेल.

मग मदत घ्यायचीच नाही का? घ्यावी, आणि मोकळ्या मनाने आभारही मानावेत. आपल्या गावोगावच्या जत्रांत पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे इनाम कोणी कारखान्याने, कोणी सोसायटीने, कोणी दुकानदाराने लावलेले असते आणि त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. त्यात गैर काही नाही. आपल्या शाळांतले पंखे, समाजमंदिरांतली बाके यांच्यावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असे रंगवलेले असते. कधी कधी पंख्याच्या वाऱ्यापेक्षा अक्षरेच मोठी दिसतात, पण तेही आपण हसून चालवून घेतो. कारण पंख्यावर नाव असले तरी शाळेचे नाव शाळेचेच राहते. देणाऱ्याची नोंद राहते आणि कोणाचे काही हिरावले जात नाही. कंपनीने स्पर्धेला नाव द्यावे, इनामाला द्यावे, नव्या व्यायामशाळेच्या भिंतीवर आपला दगड बसवावा. जुन्या नावाला मात्र हात लावू नये.

आणि पैसा आला नाही तर मैदानच बंद पडणार असेल तर? ही खरी अवघड वेळ. तिथे मी कठोर नियम सांगणार नाही. नाव माणसासाठी आहे, माणूस नावासाठी नाही. तालमीतल्या मुलांना छप्पर मिळणार असेल आणि दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल, तर जिवंत मुलांना पाटीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागेल. पण 'दुसरा मार्ग उरला नाही' हे खरोखर तपासले आहे का? वर्गणीसाठी आपण झोळी फिरवली का? ज्यांचे ते मैदान आहे त्यांना एकत्र बोलावून विचारले का? की चार जणांनी बंद खोलीत सही केली आणि गावाला पाटी बदलल्यावर कळले? गरज म्हणून घेतलेला निर्णय आणि सोय म्हणून घेतलेला निर्णय बाहेरून सारखेच दिसतात. फरक फक्त सदसद्विवेकबुद्धीला कळतो.

आपल्या गावाचेच पाहा ना. सरकारी कागदावर 'शिराळा' एवढेच लिहिलेले असते. लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या 'बत्तीस शिराळा' म्हणत आले. त्या बत्तीसला कोणी पैसे मोजले नाहीत. आसपासच्या गावांचे नाते लोकांच्या जिभेने जपले, एवढेच. आपण प्रत्येक जण आपल्या नावाबद्दल असेच ऋणी आहोत. स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्याला नाव दिले गेले, ते आपण मिळवले नव्हते. दुसऱ्यांनी ते प्रेमाने हाक मारून मारून आपले केले.

तेव्हा आपल्या मंडळात, पतसंस्थेत, शाळेच्या समितीत, उद्या कदाचित आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहाबाबतही असा प्रस्ताव आला, तर रक्कम विचारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: आपण जे विकायला निघालो आहोत, ते आपले आहे का?