सोळापैकी नऊ

विधी महाविद्यालयाच्या आवारात आणि तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘वकिलीत मार्कांना कोण विचारतो? पास झालं की सनद मिळते.’ बोलणारा धीर देण्यासाठी बोलतो, पण त्या धीरात हार लपलेली आहे. तीन किंवा पाच वर्षे शिकून हाती आलेला आकडा आपल्याविषयी काहीच सांगत नाही, हे त्यात मुकाट्याने मान्य केलेले असते. टक्के जाऊन दहा बिंदूंची श्रेणी आली, ‘ओ’पासून ‘पी’पर्यंत अक्षरे आली, सीजीपीए आला, घरातल्या मुलांच्या गुणपत्रिकांमुळे हे आता सर्वांना पाठ आहे. अक्षरामागे उभा असतो तो आकडाच. मला सलते ते वेगळे. निवाड्यासारखा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे नोंदवलीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एस. एन. मुखर्जी खटल्यात ठामपणे सांगितले, आणि प्रशासकीय कायद्याच्या तासाला हे तत्त्व विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवले जाते. त्याच तत्त्वावर त्याने लिहिलेल्या उत्तराला मात्र सोळापैकी नऊ मिळतात, आणि नऊच का, याचे कारण कुठेही नसते.

इथे मोजणे आणि पारखणे यांतला फरक धरून ठेवला पाहिजे. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात तोडलेली संत्री मोजता येतात. पण झाडावरचा आंबिया बहर पाहून बागेची बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला पारखच लागते. कायद्याच्या उत्तराचेही तसेच आहे. समजा, प्रश्न धुऱ्याच्या वादाचा आहे: एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या जमिनीची पट्टी पंधरा वर्षे कसली, आता ती त्याची झाली का? एक विद्यार्थी १९६३ च्या मुदत कायद्याचा अनुच्छेद ६५ सांगतो, बारा वर्षांची मुदत सांगतो आणि प्रतिकूल कब्ज्याने हक्क पक्का झाला म्हणून मोकळा होतो. दुसऱ्याला अनुच्छेदाचा क्रमांक आठवत नाही. पण पट्टी शेजाऱ्याच्या परवानगीने कसायला घेतली होती, हे प्रश्नातले अर्धे वाक्य त्याच्या नजरेतून सुटत नाही. परवानगीने घेतलेला कब्जा प्रतिकूल नसतो, म्हणून मुदत सुरूच झाली नाही, असे तो लिहितो. दोघांना नऊ-नऊ गुण मिळू शकतात. पहिल्याचे नऊ पाठांतराचे, दुसऱ्याचे नऊ नजरेचे. पारख करताना या दोघांत फरक झाला असेलही, पण आकड्यात तो पुसला गेला. वकिलीसाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा तर शंभर बहुपर्यायी प्रश्नांची आहे. ती मोजते चोख, पारखायला मात्र तिच्यात जागाच नाही.

मग सरळ उपाय असा दिसतो की लेखी पेपरचे वजन घटवावे आणि करून दाखवण्याच्या कामाचे वाढवावे. त्याची चौकट बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत आहेच. दाव्यांच्या मसुद्याचे पंधरा आणि दस्तलेखनाचे पंधरा सराव, प्रत्येकी तीन गुणांचे, वर दहा गुणांची तोंडी परीक्षा. अभिरूप न्यायालयाला तीस गुण, त्यात लेखी निवेदन आणि युक्तिवाद यांना समान वाटा. कागदावर हे फार चांगले आहे. पण ही वाट नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरच्या बोरगावपर्यंत चालून पाहिली की पाय अडखळतो. १९५६ पर्यंत या भागाची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. आता ती जबलपूरला जातात. घरात मराठी, सौंसरच्या कोर्टात हिंदी, आणि कायदा शिकायला नागपूर गाठले तर वर्गात बरीचशी इंग्रजी. महाराष्ट्रात जमिनीच्या दाव्याला सातबारा जोडतात, इकडे खसरा. इथल्या मुलाला तीन भाषांतून कायदा हाताळावा लागतो. ही खरे तर त्याची जमेची बाजू. पण समोरासमोरच्या परीक्षेत आधी कानावर पडतो तो उच्चार, आधी दिसते ते आडनाव. घरात वकिली असलेल्या मुलाची सफाई तिथे गुणवत्ता म्हणून खपते. लेखी पेपरला नाव नसते, फक्त क्रमांक असतो. ज्या कोरडेपणाला मी दोष देत होतो, तोच कोरडेपणा या मुलाचे संरक्षण करतो. तेव्हा नाव झाकलेली लेखी परीक्षा घटवा, असे आता मला म्हणवत नाही.

पण झाकायचे ते नाव. कारण कशासाठी झाकायचे? इथे खरा सामना आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालाशी. महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ हा तो खटला. उत्तरपत्रिका पाहू द्या, फेरमूल्यांकन करा, ही विद्यार्थ्यांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इतके ताणता येत नाही, परीक्षार्थींची संख्या प्रचंड आहे आणि निकालाला अंतिमता हवी, असा तो युक्तिवाद. संख्येचा मुद्दा मला पटत नाही. खटल्यांचे ढीग साचले म्हणून कोणत्याही न्यायाधीशाला कारणांशिवाय निकाल देण्याची मुभा मिळत नाही. पुढे २०११ साली आदित्य बंदोपाध्याय खटल्यात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे, असे मानले आणि परीक्षकाचे नाव झाकून ती पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात दिला. कुलूप निघाले. मात्र उघडलेल्या पानावर लाल शाईतले नऊच असतील, तर त्या दर्शनाने विद्यार्थी शिकणार काय?

अंतिमतेचा मुद्दा मात्र जितका विचार करावा तितका पटत जातो. फेरमूल्यांकन मागितले की दुसरा परीक्षक अकरा लिहितो, पण कारण तोही देत नाही. दोन निर्वाक आकड्यांपैकी मोठा तो खरा, असे कसे म्हणायचे? म्हणून १९८४ चा निकाल फेरमूल्यांकनाच्या हक्काबाबत बरोबरच होता, या मताला मी आलो आहे. दुसरा आकडा हा पहिल्या आकड्यावरचा उपाय नव्हे. हवे आहे ते कारण, आणि तेही पहिल्याच वेळी. प्रत्येक मोठ्या उत्तराशेजारी पाच छोटे रकाने पुरतील: वादाचा मुद्दा सापडला का, नियम बरोबर मांडला का, तो वस्तुस्थितीला लावला का, प्रतिपक्षाला उत्तर दिले का, भाषा स्वच्छ आहे का. यावर कोणी म्हणेल, हेही मोजणेच झाले. काही अंशी झाले. पण त्या रकान्यांतून परीक्षकाने काय पाहिले ते कळते, आणि जे कळते त्याच्याशी वाद घालता येतो. नुसत्या नऊशी वाद घालता येत नाही, त्याच्यापुढे मान तुकवावी लागते. वकील घडवण्याच्या जागी तरी ही सवय लागू नये. उद्या सौंसरच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या मुलाला दावा फेटाळला गेला तर ‘का?’ असे विचारायचे आहे. तो प्रश्न त्याने आधी स्वतःच्या उत्तरपत्रिकेला विचारावा, आणि तिथे त्याला उत्तर मिळावे.