सेकंदाला पंचवीस फेरे

‘झुआंगझी’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात एक गोष्ट आहे. छी राज्याचा राजा ह्वान वरच्या दालनात पुस्तक वाचत बसला आहे आणि खाली प्यान नावाचा म्हातारा सुतार रथाचं चाक घडवतो आहे. सुतार हत्यारं खाली ठेवतो, वर जातो आणि राजालाच विचारतो, काय वाचताय? थोर ज्ञानी माणसांचे शब्द, असं उत्तर मिळतं. ते आहेत का हयात? नाहीत. मग तुम्ही वाचताय तो त्यांचा खाली उरलेला गाळ, असं सुतार बिनदिक्कत सांगून टाकतो. राजा खवळतो: नीट खुलासा कर, नाहीतर जिवाला मुकशील. सुताराचा खुलासा त्याच्या धंद्यातला आहे. घाव फार सावकाश घातला तर पकड बसत नाही, फार घाईने घातला तर हत्यार अडकतं. नेमकं काय ते हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. पोटच्या पोरालाही ते देता आलं नाही, म्हणून सत्तरीतही आपणच चाकं करतो आहोत.

तत्त्वज्ञांना ही गोष्ट फार प्रिय आहे. ज्यांनी आयुष्यात पटाशी धरलेली नाही अशांना तर विशेषच. ग्रंथ गाळ आहेत हे सांगायलाही ग्रंथच लागला, हा त्यातला विनोद नेहमीच दाखवला जातो. पण सुताराचं म्हणणं खरं आहे का, हे तपासायला सुतारकामाकडेच गेलेलं बरं. त्यातही कातकामाकडे, कारण तिथे निकाल ताबडतोब लागतो.

लाटणं, भोवरा, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, खुर्चीचे पाय हे सगळं लेथवर होतं. लांबट लाकूड दोन टोकांना पकडून फिरवायचं आणि समोरच्या टेकणावर हत्यार टेकवून त्याला आकार द्यायचा. अशा कामाचं एक मुख्य हत्यार म्हणजे स्पिंडल गाऊज: पोलादी कांबीला वरून उथळ पन्हळ आणि टोकाला बोटाच्या नखासारखी गोलसर धार. या हत्याराने प्रामुख्याने दोन आकार काढतात, फुगीर मणी आणि खोलगट गळा. जगातले निम्मे नक्षीदार खांब या दोघांच्याच आलटून-पालटून जोडण्या असतात.

नवशिक्याचा घात बहुतेक वेळा गळ्याच्या सुरुवातीला होतो. तो पन्हळ आकाशाकडे ठेवून टोक लाकडाला लावतो. तिथे धारेमागच्या उताराला टेकायला जागाच नसते. मग गाऊज बाजूला सटकतं आणि शेजारी नुकताच जमलेला मणी खरवडत जातं. नाहीतर धारेची मोकळी कड लाकडात रुतते, दांडा हातात हिसका मारतो, ठक्क असा आवाज होतो आणि लाकडावर नागमोडी खोल चर उमटतो. चर इतका खोल असतो की तो काढायचा म्हणजे सगळा दांडाच बारीक करावा लागतो.

याच्यावर उपाय आहे आणि तो सांगता येतो. पन्हळ गळ्याच्या मध्याकडे, म्हणजे पूर्ण आडवी वळवा. आता उतार कापाच्या दिशेला येतो आणि धार जिथे ठेवाल तिथे आत शिरते. आत उतरताना पन्हळ हळूहळू वर वळवत न्या, म्हणजे तळाशी पोचताना ती आकाशाकडे बघेल. तळाशी थांबा. समोरची चढण चढू नका. तिथे लाकडाचे तंतू उलटे भेटतात आणि उचकटतात. दुसरी बाजू दुसरीकडून उतरा. जाडीकडून बारीककडे, नेहमी उतारानेच. एवढं ऐकल्यावर नवशिक्यांचे निम्मे हिसके थांबतात.

म्हणजे प्यान सुताराचा दावा निम्मा तरी कोसळला. हाताची जादू म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं बरंच साधी भूमिती असते. ती सांगता येत नाही असं म्हणणाऱ्याने कधी सांगायचा प्रयत्न केला होता का, हेही विचारायला हवं. कारागिरांना आपली विद्या झाकून ठेवायला चांगली आर्थिक कारणं होती. जे बोलून दाखवता येतं ते शेजाऱ्यालाही उचलता येतं. ‘हे हातात असावं लागतं’ हे वाक्य कधी नम्रतेने उच्चारलं जातं, तर कधी दुकान राखायला.

उरलेला निम्मा दावा मात्र इतक्या सहज हलत नाही.

दोन इंच जाडीचं लाकूड मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरवणं ही नेहमीचीच गोष्ट. म्हणजे सेकंदाला 25 फेरे. काही चुकतंय हे जाणवून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला दीड-दोन दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात लाकडाचे चार-पाच फेरे होऊन गेलेले असतात. हिसका बसल्याचं डोक्याला कळतं तेव्हा चर कधीच पडून गेलेला असतो. आणि हाताला त्या क्षणी एकच काम नसतं. मणी वळवताना दांडा स्वतःभोवती फिरवायचा, त्याचवेळी मागून उचलायचा, त्याचवेळी बाजूला झुलवायचा. तिन्ही हालचालींचं प्रमाण प्रत्येक मिलिमीटरला बदलतं. ‘आता थोडं उचल’ असं मनातल्या मनात म्हणेपर्यंत मणी चपटा झालेला असतो. नियम बरोबर असतो, पण पोचतो उशिरा.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलने 1949 मध्ये ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात नेमका यावर बोट ठेवणारा युक्तिवाद केला. शहाणपणाने केलेली प्रत्येक कृती जर आधी नियम आठवून केली जात असेल, तर नियम आठवणं हीसुद्धा शहाणपणाने करायची कृतीच आहे. तिच्याआधी आणखी एक नियम आठवावा लागेल, त्याच्याआधी आणखी एक, आणि काम कधी सुरूच होणार नाही. तेव्हा ‘करता येणं’ हे ‘माहीत असणं’ याचंच एक धाकटं भावंड नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यीने पुढे 1958 मध्ये खिळा ठोकण्याचं उदाहरण घेतलं. आपण तळहाताला बसणाऱ्या हातोड्याच्या धक्क्याकडे लक्ष देत नाही. त्या धक्क्यातून खिळ्याकडे लक्ष देतो. लक्ष तळहाताकडे वळवलं की घाव चुकलाच. अनुभवी कातारी नवशिक्याला जे सांगतात ते याच्याशी तंतोतंत जुळतं: हत्याराच्या टोकाकडे टक लावून बघू नका, फिरत्या लाकडाच्या वरच्या कडेवर आकार कसा उमटतोय तो बघा. नजर कडेवर गेली की हात आपोआप मागे येतात.

इथे अध्यात्माचा मोह होतो, आणि मराठी वाचकाला तर जास्तच. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली प्रवचनं अनेक घरांत आहेत. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड, म्हणजे विकर्म, मिळालं की कर्माचं ओझं नाहीसं होतं आणि त्याचं अकर्म होतं, अशी त्यातली मांडणी. विनोबा स्वतः तासन् तास सूत कातणारे होते, त्यामुळे हे बोल नुसते व्यासपीठावरचे नव्हेत. गाऊज अंगात भिनल्यावर कातारी जेव्हा विनासायास ढलप्यांची लांब वेटोळी काढतो, तेव्हा हेच ते अकर्म असं म्हणायचा मोह कुणालाही व्हावा.

पण परंपरा इतक्या स्वस्तात ते देत नाही. कर्मातल्या कौशल्याला योग म्हणणारा गीतेचा चरण आयआयटी खरगपूरचं बोधवाक्य आहे आणि कामात हुशार असणं हाच योग असा त्याचा अर्थ सर्रास घेतला जातो. शंकराचार्यांचं भाष्य उघडलं तर वेगळंच दिसतं. जी कर्मं स्वभावतः बांधतात ती समबुद्धीमुळे बांधेनाशी होणं, याला ते कौशल्य म्हणतात. मणी गोल आला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट मणी बिघडला तरी ज्याचं मन ढळलं नाही, तो त्या कसोटीला उतरू शकतो. विनोबांच्या विकर्मातही नुसती एकाग्रता नाही, चित्तशुद्धीची अट आहे. एकाग्रता तर खिसेकापूकडेही असते.

हा फरक विसरला की काय होतं याचं एक उदाहरण जगभर वाचलं जातं. जर्मन प्राध्यापक ऑयगेन हेरिगेल 1920च्या दशकात जपानात सेंदाई इथे शिकवत असताना आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकला. 1948 मध्ये आलेल्या त्याच्या छोट्या पुस्तकाने हस्तकौशल्याला झेन साधनेचं वलय दिलं: बाण ‘मी’ सोडत नाही, ‘ते’ सोडतं. पुढे जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनी दाखवलं, की हे प्रसिद्ध ‘ते’ बहुधा गुरू-शिष्यांच्या भाषेतल्या गोंधळातून जन्मलं असावं. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे जपानहून परतलेला हेरिगेल 1937 मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला. अहंकार गळून पडल्याची सुंदर वर्णनं लिहिणाऱ्याला समोरची झुंडशाही दिसली नाही, किंवा दिसूनही चालली. हात शांत झाला म्हणजे माणूस शुद्ध झाला, हे समीकरण तिथेच संपायला हवं होतं. ते अजून सुटीच्या शिबिरांच्या जाहिरातींत जिवंत आहे.

मग हाताचं कौशल्य नीतीच्या दृष्टीने अगदीच कोरं आहे का? तसंही नाही, पण ते जे देतं ते माफक आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर शिकवणारे आणि स्वतः लाकडाच्या डब्या कातणारे डेव्हिड पाय यांनी 1968 मध्ये कारागिरीचे दोन प्रकार सांगितले. एकात निकाल साचा आणि यंत्र आधीच ठरवून ठेवतात. दुसऱ्यात शेवटच्या क्षणापर्यंत सगळं बिघडू शकतं, आणि ते न बिघडणं करणाऱ्याच्या अंदाजावर, सफाईवर आणि काळजीवर अवलंबून असतं. याला पाय जोखमीची कारागिरी म्हणतात. गाऊज हा तिचा अर्क आहे: अकरा मणी उत्तम आले आणि बाराव्याला हिसका बसला, तर अकरांचा उपयोग नाही.

अशा जोखमीत खोटं बोलायची सोय असते आणि ती कुठे आहे हे धंद्यातल्यांना ठाऊक असतं. कातकाम करणाऱ्यांत एक थट्टा चालते की सगळ्यात लोकप्रिय गाऊज म्हणजे 80 नंबरचा पॉलिश पेपर. धारेने जमला नाही तो आकार घासून काढायचा. फिरत्या लाकडावर पॉलिश पेपर धरला की चरही जातो आणि खरबरीतपणाही. पण त्याबरोबर मणी आणि गळा यांच्यामधली अरुंद पायरी, जिची कड बोटाला टोचेल इतकी नीट असायला हवी, तीही वितळल्यासारखी गोल होते. गिऱ्हाइकाला बऱ्याचदा ते कळत नाही. दुसऱ्या कातऱ्याला खांबावरून अंगठा फिरवताच कळतं. कळणारा माणूस समोर नसतानाही पेपर उशिरा उचलायचा की लवकर, इथे कौशल्याचा प्रश्न संपतो आणि दुसरा सुरू होतो. त्याचं उत्तर गाऊज देत नाही. गाऊज फक्त प्रश्न लपू देत नाही.

राहिला प्रश्न शिकवण्याचा. जाणती मंडळी आधी धार तपासतात, कारण बोथट गाऊज दाबावं लागतं आणि दाबलं की हिसका आलाच. मग एका फालतू दांड्यावर ओळीने मणी आणि गळे काढायला लावतात. सगळे बिघडले की दांडा साफ करून पुन्हा तेच. जाड दांडा दिवसभरात पेन्सिलीएवढा होतो आणि फेकला जातो. पण सगळ्यात उपयोगी युक्ती त्याआधीची आहे: लेथ बंद ठेवायचं. एका हाताने लाकूड सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने गाऊज टेकणावर ठेवून उतार लाकडाला लावायचा आणि दांडा कणाकणाने उचलत पहिली ढलपी कुठे सुटते ते बघायचं. सेकंदाचा पंचविसावा भाग हवा तेवढा ताणता येतो. या वेगात ‘आता थोडं उचल’ हे वाक्य वेळेवर पोचतं, नियम आणि हात एकत्र चालू शकतात. नंतर वेग वाढवत नेला की वाक्य मागे पडतं, पण तोवर हात रस्ता शिकलेला असतो.

विजेच्या मोटरीआधी हा संथपणा यंत्रातच होता. हिंदुस्थानातल्या जुन्या पद्धतीच्या लेथवर कारागीर जमिनीवर बसे आणि समोरचा मदतनीस लाकडाला वेढलेली दोरी किंवा पट्टा आळीपाळीने ओढे. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. काप फक्त पुढच्या फेऱ्यात होई. मागच्या फेऱ्यात हत्यार किंचित मागे घ्यायचं. प्रत्येक कापानंतर सक्तीची विश्रांती. धार रुतली की दोरीला ताण बसे आणि तो ओढणाऱ्याच्या हातात पोचे. दोरीवर बसलेल्या पोराला पटाशी हातात मिळण्याच्या खूप आधीपासून बापाचा प्रत्येक चुकलेला काप मनगटात कळत असणार.