वाफसा

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा कोल्हापूरच्या तालमीत राहायला आला. वय १९, वजन ७४ किलो. अंगात रग होती आणि मनात एकच गोष्ट होती: चैत्रातल्या गावच्या जत्रेत मोठ्या जोडीची कुस्ती मारायची आणि वडिलांच्या देखत फेटा बांधून घ्यायचा.

तालमीचा दिवस ठरलेला होता. पहाटे ४ वाजता वस्ताद काठी आपटत पठ्ठ्यांना उठवायचे. जोर, बैठका, मग हौद्यात लढत. लढत संपली की एकमेकांच्या अंगावर लाल माती टाकून सगळे निवांत पडायचे. थंडाई, दूध, जेवण झालं की दुपारी सगळी तालीम गाढ झोपायची. संध्याकाळी पुन्हा मेहनत आणि रात्री ९ ला दिवे बंद. या दिनक्रमात झोपेचे तास मेहनतीच्या तासांपेक्षा जास्त आहेत. जुन्या वस्तादांनी ते उगाच ठेवलेले नाहीत.

या पोराला मात्र दुपारची झोप खुपायची. एवढ्या वेळात दुसरा कोणीतरी पुढे जात असेल, असं त्याला वाटायचं. म्हणून सगळे झोपले की तो गुपचूप जिममध्ये जाऊन वजनं उचलू लागला. तिथे त्याला डबे भेटले. एक प्रोटीन पावडरचा, एक क्रिएटिनचा, आणि एक व्यायामाआधी घ्यायची पावडर, जी पाण्यात घालून प्यायली की हातापायांत मुंग्या यायच्या आणि थकवा कुठल्या कुठे जायचा.

खरं तर त्याच्या खुराकात उणं काही नव्हतं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं २ लिटर दूध तो रोज प्यायचा. त्यातूनच ७० ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. एवढ्या वजनाच्या पैलवानाला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम पुरतात. अंडी, मटण, डाळ, बदाम धरले की हिशेब तिथेच पुरा होत होता. प्रोटीन पावडर काही विष नाही. पनीर-चीज करताना सुटणाऱ्या निवळीपासूनच ती बनते. क्रिएटिनही रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर निरोगी माणसाला उपयोगी पडतं. पण भरलेल्या कणगीत आणखी धान्य ओतून काय होणार? ते बाहेरच सांडतं. आणि मुंग्या आणणाऱ्या त्या पावडरीत कॅफिन भरपूर असतं. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं रात्री १० ला अजून रक्तात असतं. दिवे ९ ला बंद व्हायचे आणि पोरगा १ वाजेपर्यंत आढ्याकडे बघत पडायचा.

डब्यांना पैसे लागत होते. तालमीची फी वाढली, असं त्याने वडिलांना खोटंच सांगितलं. त्या खोट्याच्या छातीवरल्या ओझ्याने उरलीसुरली झोपही उडाली.

दीड महिन्यात वजन ३ किलोने उतरलं. सर्दी हटेना. पूर्वी पहाटे उठल्या उठल्या नाडी मोजली तर ५६ भरायची, आता ७२ भरू लागली. पकड सैल पडली. एक दिवस त्याच्याहून दोन वर्षांनी लहान पठ्ठ्याने त्याला घिस्सा डावावर सरळ आस्मान दाखवलं. मेहनत कमी पडते, असा अर्थ पोराने काढला आणि आणखी शंभर जोर वाढवले.

मग जिममधल्या कोणीतरी त्याच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. मेफेंटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर हे इंजेक्शन देतात. पोरं ते थकवा कळू नये म्हणून टोचून घेतात. खेळात त्यावर बंदी आहे, पण मला बंदीपेक्षा दुसऱ्या गोष्टीची भीती वाटते. थकवा ही शरीराची हाक आहे. ती ऐकू येऊ नये म्हणून घेतलेलं औषध हृदयाला धावायला लावतं आणि थांबा म्हणणाऱ्याचं तोंड दाबतं. आपल्या गावागावांतल्या जिममध्ये ही बाटली पोचली आहे. ज्यांच्या घरात तरणी पोरं आहेत, त्यांनी तिचं नाव माहीत करून घ्यावं.

बाटली फुटण्याआधीच वस्तादांना ती पेटीत सापडली. पोराला वाटलं, आता काठी बसणार. वस्ताद म्हणाले, “चल, तुझ्या गावाकडं जाऊन येऊ.”

एसटीतून उतरून दोघं रानात गेले. वडील बांधावरच होते. शेजारच्या पट्टीत पांढरं मीठ फुटलं होतं, गवताची काडी नव्हती.

“आबा, ह्या रानाचं असं कशानं झालं, ते सांगा ह्याला,” वस्ताद म्हणाले.

“पाण्यानं,” वडील म्हणाले. “नदीचं पाणी आलं तवा सगळ्यांस्नी वाटलं, जेवढं पाणी तेवढा ऊस. दाबून पाणी दिलं, वर युरियाची पोती वतली. पयली काही वर्सं ऊस असा आला की आत माणूस दिसत नव्हता. मग उतारा घसरला. घसरला म्हणून आम्ही आणिक पाणी दिलं. शेवटाला ऊस पाण्यात उभा राहून वाळला बघा.”

“पाण्यात वाळला?” पोराने विचारलं. हे रान तो जन्मापासून बघत होता, पण कधी विचारलं नव्हतं.

“मुळीला पाणी लागतं तसा वारा बी लागतो. पाणी देऊन थांबाय लागतं. जादा पाणी खाली निघून जातं, मातीत वारा शिरतो, वल तेवढी राहती. तो वाफसा. मुळी खाती ती वाफशावर. बुडाल्यावर तिचा जीव कोंडतो.”

पलीकडच्या पट्टीत त्यांनी चार फूट खाली भोकांचे पाइप घालून निचरा काढला होता. तिथला ऊस हिरवा होता. वडिलांनी तिथली मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा पडून सुटा झाला. “हा वाफसा. गोळा तसाच ऱ्हायला तर रानात पाय घालायचा न्हाई.”

वस्ताद पोराकडे वळले. “मेहनतीनं अंग मोडतं, पोरा. ते सांधतं झोपंत. खुराक बी तवाच अंगी लागतो. तू नुसतं पाणी सोडत बसलायस.”

पोरगा बराच वेळ खाली बघत राहिला. मग वडिलांना म्हणाला, “आबा, तालमीची फी वाढली न्हवती.” आणि सगळं सांगून टाकलं. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री पोरगा घरच्या घोंगडीवर दहा तास झोपला.

तालमीत परतल्यावर पहिला आठवडा वस्तादांनी त्याला हौद्यात उतरू दिलं नाही. खोरं हातात देऊन माती खणायला आणि त्यात ताक, तेल, हळद मिसळायला लावलं. मुंग्यांची पावडर गेली. प्रोटीनचा डबा राहिला, पण ज्या दिवशी दूध किंवा अंडी चुकतील त्या दिवसापुरता. दुपारची झोप सक्तीची झाली. आणि रोज डोळा उघडताच नाडी मोजायची.

जत्रा आठ दिवसांवर आली. आदल्या दिवशी जोराची लढत झाली होती. पहाटे चारच्या आधीच पोराला जाग आली. त्याने मनगटावर बोटं ठेवून मोजलं. ७०. थोडा वेळ तो अंधारात तसाच बसला, मग पुन्हा आडवा झाला आणि घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

वस्ताद काठी आपटत आले. त्याच्या उशाशी थांबले. काठी वर उचललेली होती. तशीच उचलून धरत ते हलक्या पावलांनी पुढे गेले आणि पलीकडच्या पठ्ठ्याच्या उशाशी त्यांनी ती आपटली.