अर्पिलेल्या गाण्याचा वारस कोण?

देवापुढे एकदा वाहिलेल्या वस्तूवर वाहणाऱ्याच्या मुलाचा हक्क चालतो काय, हा प्रश्न वकिली करणाऱ्या आम्हांस नवा नाही. जमीन, दागिने, समया यांच्या बाबतीत त्याचे उत्तरही बव्हंशी ठरलेले आहे. परंतु वाहिलेली वस्तू गाणे असेल तर? एका अमेरिकन विदुषीच्या भजनांवरून २०२१ साली रसिकांत व समीक्षकांत जो मतभेद झाला, त्याने हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा उभा केला.

अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांचा जन्म १९३७ साली डेट्रॉइट येथे झाला. चर्चमध्ये वाजविता वाजविता त्या जॅझ संगीतात आल्या, ख्यातनाम सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि १९६७ साली त्यांस वैधव्य आले. पुढे स्वामी सच्चिदानंदांच्या सहवासात त्यांचे चित्त वेदान्ताकडे वळले. हार्प आणि ऑर्गन यांवरील त्यांचे धाडसी प्रयोग गाजले. तथापि १९७८ नंतर त्यांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा मार्ग सोडला. तुरीयसंगीतानंद हे नाव धारण केलेल्या या स्वामिनींनी १९८२ साली ‘तुरीय सिंग्ज’ ही कॅसेट काढली, ती आपल्या साधकमंडळींसाठी. वादनासाठी ख्यात असलेल्या बाई येथे स्वतः भजने गायल्या. सोबत ऑर्गन होता, आणि त्याभोवती तंतुवाद्यांचा व सिंथेसायझरचा दाट साज होता.

२००४ साली त्यांचे पुत्र रवी (पंडित रविशंकरांच्या नावावरून ठेवलेले हे नाव) यांनी त्यांस पुन्हा स्टुडिओत आणले. ‘ट्रान्सलिनियर लाइट’ ही त्यांच्या उतारवयातील ध्वनिमुद्रिका समीक्षकांनी आनंदाने स्वीकारली. तीत कॅसेटमधील ‘जगदीश्वर’ही होते. त्याच सुमारास रवींना जुन्या भजनांची अशी एक प्रत गवसली की जीत केवळ कंठ आणि ऑर्गन होता. आई २००७ साली निवर्तली. २०२१ मध्ये पुत्राने हीच साजविरहित प्रत ‘कीर्तन’ या नावाने प्रसिद्ध केली.

कित्येकांस ती फार आवडली. आवाज अगदी शेजारी बसून ऐकावा तसा वाटतो, असे त्यांचे म्हणणे. जुन्या कॅसेटचे प्रेमी मात्र नाराज झाले. तो साज वरून चढविलेला नव्हता, तो बाईंच्याच कल्पनेचा भाग होता, मग तो उतरविणारे आपण कोण, असा त्यांचा सवाल होता.

गंमत अशी की हाच आक्षेप पूर्वी खुद्द अ‍ॅलिसबाईंवर आला होता. १९७२ साली ‘इन्फिनिटी’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी दिवंगत पतीच्या वादनावर तंतुवाद्ये चढविली, तेव्हा जाणकारांनी त्यांस बोल लावला. पतीशी आपले याविषयी बोलणे झाले होते, हे त्यांचे उत्तर फारसे कोणी मानले नाही. पत्नीने चढविले म्हणून रोष, पुत्राने उतरविले म्हणून रोष! दोन्ही वेळी मालकी हक्काविषयी वाद नव्हताच. कायद्याने वारसास तो होता.

पण आपल्याकडील कायद्यास आणखी एक पक्ष ठाऊक आहे. १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की कुटुंबाची देवमूर्ती ही जंगम मालमत्ता नव्हे. तिला स्वतःचे व्यक्तित्व आहे आणि तिची इच्छा लक्षात घेतली पाहिजे. सेवेकरी कितीही अधिकारी असो, तो व्यवस्थापक होय. ही दृष्टी भजनास लावली तर पुत्राच्या हाती मालकी नव्हे, सेवा येते. गाणे म्हणजे मूर्ती नव्हे, हे आम्ही जाणतो. दाखल्याला ओढूनताणून बसविणे आम्हांसही रुचत नाही. परंतु जे विकण्यासाठी नव्हे, भजण्यासाठी गायिले गेले, त्याच्या बाबतीत ‘कोणते रूप अधिक सरस’ एवढेच विचारणे आम्हांस अपुरे वाटते.

आता साज उतरविणे हा अपराध काय? आमच्या देवळांतून रोज अभिषेकाच्या वेळी देवाचे अलंकार उतरतात आणि त्या घटकेला होणारे निजरूपाचे दर्शन भाविकांस विशेष प्रिय असते. ‘कीर्तन’ ऐकताना आम्हांस तसेच झाले, हे कबूल करतो. परंतु अभिषेक संपला की पुजारी अलंकार पुन्हा चढवितो. ते पेटीत कुलूप घालून ठेवीत नाही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की १९८२ चे सालंकृत रूपही त्याच मानाने श्रोत्यांपुढे असावे आणि पुत्राच्या आवडीने त्याची जागा घेऊ नये. कॅलिफोर्नियातील अ‍ॅलिसबाईंच्या आश्रमाची वास्तू २०१८ च्या वणव्यात जळून गेली. त्यांच्या साधकांच्या कानी जे पडत असे, ते आता त्या जुन्या फितीवरच ऐकू येते.