टाकीचे पूर्ववृत्त

कोपरखैरणे गावठाणातील माझ्या एका आगरी शेजाऱ्याने मासळी आणि कोंबडी मंद धुरावर शिजविणारी भट्टी लोखंडी टाकीपासून स्वतःच्या हाताने घडवावयाचे मनावर घेतले, तेव्हा पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास शेंगांत कसा उतरतो हे बाळपणापासून ठाऊक असलेल्या त्या गृहस्थाला धुराची विद्या नव्याने शिकावयाची नव्हती. अडचण होती ती टाकीची. पूर्वेस ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची वसाहत आणि पश्चिमेस खाडी, अशा या गावी भंगारात टाक्यांना तोटा नाही. त्यांतली एक जस्ताचा मुलामा दिलेली, चकचकीत आणि स्वस्त होती. त्याने झाकण काढून आत हुंगून पाहिले, नखाने कड खरवडली आणि म्हटले, "काका, हिच्यात आधी काय भरलेलं होतं हे सांगणारं कोणी नाही. नको ही."

मला ती सावधगिरी अनाठायी वाटली. अग्नीला आपण पावक म्हणतो; एकदा आत मोठा जाळ केला म्हणजे मागचे सारे भस्म होईल, अशी माझी समजूत होती. महाभारताच्या आदिपर्वात भृगूने अग्नीला सर्वभक्षक होण्याचा शाप दिल्याची कथा आहे. त्या शापाने खिन्न होऊन अग्नी यज्ञांतून अंतर्धान पावला, आणि तुझ्या ज्वाळांत जे जळेल ते शुद्ध होईल, असे ब्रह्मदेवाने आश्वासन दिले तेव्हाच तो परतला.

परंतु शेजाऱ्याच्या बोलण्याने माझी समजूत ढळली. अशा भट्टीत उष्णता जेमतेम ११०-१२० अंश राखावी लागते; एवढ्या आचेने लोखंडाला चिकटलेले विष जळत नाही, ते सुटते, आणि सुटले की अन्नात उतरते. निखाऱ्यालगतच्या जस्ताचे तर अधिकच भय, कारण ते सुमारे ४२० अंशांस वितळते आणि त्याच्या धुराने वेल्डरांना हुडहुडी भरून ताप येतो. मोठा जाळ केला तरी तो कशावर केला हेच माहीत नसता शुद्धीचा दाखला देणार कोण?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते असे सांगून लगेच मद्यादिकांनी विटाळलेल्या भांड्याचा अपवाद केला आहे. ते भाजूनही शुद्ध होत नाही. त्या ग्रंथाने माणसांना जन्मावरून जी अशुद्धी चिकटविली, ती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ग्रंथासह अग्नीच्या स्वाधीन झाली, हे योग्यच झाले. जन्म हा काही भांड्यात ओतलेला पदार्थ नव्हे. कर्म मात्र तसे आहे, आणि म्हणूनच अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना तपाच्याही आधी ख्यापन, म्हणजे केलेले उघड सांगणे, का घातले असावे, याचा अर्थ मला शेजाऱ्याच्या अंगणात लागला. आपण देवाच्या दारी जातो ते बहुधा मागचे दप्तर न उघडता. उपवास, नवस, होम यांचा जाळ पेटवितो आणि तपशील विचारणारा कोणी नाही यातच समाधान मानतो. कबुलीवाचून केलेले तप त्या मंद आचेसारखे असते. त्याने डाग सुटतो खरा, पण तो घरच्यांच्या ताटात उतरतो.

अखेर एका गॅरेजमधून हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी आली. ती गंजलेली होती, पण हवा, पाणी आणि थोडे तेल यांपलीकडे तिच्यात कधी काही गेले नाही, हे मालकाने समक्ष सांगितले. आतल्या तेलाची वाफ ठिणगीने भडकू नये म्हणून कापण्यापूर्वी ती काठोकाठ पाण्याने भरली. मग दार बसविले, बाहेरचा रंग खरवडला, आतून गोडे तेल चोळले आणि आंब्याची लाकडे पेटविली. पहिला धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा निघाला. तिसऱ्या प्रहरी तो विरळ, निळसर झाला. टाकी निवल्यावर त्याने पांढऱ्या फडक्याने आतली बाजू पुसली, फडके उजेडात धरले, हुंगले आणि माझ्याही नाकाशी आणले.

"जुन्या तेलाचा वास आहे अजून," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि पुन्हा लाकडे रचावयास घेतली.